मामांची मूठ

२०१८ च्या दसऱ्यानंतर आमच्या फाउंड्रीचं मोल्डिंग शॉप, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे बनवायचा विभाग, माझ्याकडे आलं. त्याआधी अकरा वर्षं मी तिथल्याच सँड लॅबमध्ये, साच्यांची वाळू तपासायला होते. कारखाना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला, मध्यम आकाराचा. ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग ओतायचे. शॉपमध्ये दोन्ही शिफ्ट धरून चाळीसेक माणसं, बहुतेक आसपासच्या गावांतली. घरी थोडी शेती, दारात एखादी म्हैस, आणि महिन्याचा रोख पैसा इथला.

मालकांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. रिजेक्शन, म्हणजे वाया जाणारा माल, खाली आणायचं आणि "पोरांच्यात जरा जीव आणायचा." पहिली गोष्ट मला कळत होती. दुसरी कळते असं मी धरून चालले. सोमवारी हजेरी गळायची, जोतिबाच्या चैत्र यात्रेला निम्मं शॉप रिकामं व्हायचं, उसाला पाणी पाजायची पाळी आली की रात्रपाळी बुडायची. लोकांना कामाची ओढ नाही, ती आपण लावायची, असं माझं निदान होतं.

मग मी एक तक्ता लावला. महिन्यात सगळ्यात जास्त बॉक्स मारणाऱ्याचा, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्याचा फोटो, खाली नाव, आणि पाचशे रुपयांचं बक्षीस. पहिले दोन महिने आकडे छान चढले. मालक खूश, मीही खूश. तिसऱ्या महिन्यात नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून पीस काढतात तिथं, कळलं की बॉक्स जास्त निघत होते तसं रिजेक्शनही वाढत होतं. किंचित चेपलेला कोअरही (पिसात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) लोक खपवून बसवत होते, कारण तो बदलायला गेलं की दोन मिनिटं जायची. चार नंबर मशीनवरच्या माणसानं मला थांबवून सांगितलं, "म्याडम, माझ्या पॅटर्नला सहा कोअर हाईत, एक नंबरवाल्याला एकच. माझा फोटो कसा लागणार?" मी म्हणाले, "प्रयत्न करत राहा." हे उत्तर मला आजही टोचतं. त्यानं हिशेब मांडला होता आणि मी त्याच्या हातात उपदेश ठेवला.

पण माझे डोळे उघडले ते मामांमुळे. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मोल्डर. वय पंचावन्नच्या पुढं, तळहातावरच्या रेषाही दिसू नयेत इतका हात काळा. मी लॅबमध्ये असताना ते दिवसातून एक-दोनदा यायचे, मुठीत वाळू घेऊन. मूठ घट्ट आवळायची, उघडायची, आणि तो गोळा अंगठ्यानं मधोमध मोडायचा. कडा धारदार राहिली तर वाळू ठीक. भुरभुरली तर पाणी कमी. बोटाला ओलसर चिकटली तर पाणी जास्त. "ताई, आज पाणी जास्त हाय बघा," असं म्हणून ते जायचे. मी मशीनवर तपासायचे. साधारण साडेतीन टक्के ओल आम्हाला हवी असायची, आणि मामा आले म्हणजे आकडा चारच्या वर निघणार हे मला पाठ झालं होतं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचे पैसेही नव्हते.

तक्ता लागल्यावर मामा यायचे थांबले. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मार्चमध्ये एकाच दिवशी ब्लोहोलचे, म्हणजे आत गॅसचे खड्डे पडलेले, खूप पीस निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं, "मामा, वाळू ओली होती, तुम्हाला हाताला कळलं नाही?" ते शांतपणे म्हणाले, "कळलं की. पर ते काय तक्त्यात धरत न्हाईत."

ते चिडून बोलले नव्हते, म्हणून मला जास्त लागलं. अकरा वर्षं जे ते आपणहून करत होते, त्याची किंमत माझ्या तक्त्यानं शून्य ठरवली होती.

त्याच महिन्यात उद्योजकांच्या एका संघटनेनं सुपरवायझर लोकांसाठी दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. मी गेले ते खरं तर तिथून एखादी चांगली बक्षीस योजना मिळेल म्हणून. शिकवणाऱ्या बाईंनी एक जुना प्रयोग सांगितला, १९७१ साली प्रसिद्ध झालेला. एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला बसवलं. तीन बैठका. दुसऱ्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक डॉलर, दुसऱ्या गटाला काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत कुणालाच पैसे नाहीत. प्रत्येक बैठकीत मध्येच तो काहीतरी निमित्त काढून आठ मिनिटं बाहेर जायचा आणि खोलीत एकटं असताना माणूस काय करतो ते लपून बघायचा. शेजारी मासिकं ठेवलेली असायची. ज्यांना मधे पैसे मिळाले होते, त्यांचा पैसे थांबल्यावर कोड्यांवर घालवलेला वेळ कमी झाला. ज्यांना कधीच मिळाले नव्हते, त्यांच्यात तशी घट दिसली नाही.

बाई पुढं बरंच बोलल्या, पण माझ्या डोळ्यांसमोर मामांची उघडलेली मूठ होती.

डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी नंतर हा विचार पुढं नेला. माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात: आपल्या कामात आपलं काही चालतं ही जाणीव, आपल्याला हे जमतं ही खात्री, आणि आजूबाजूची माणसं आपली आहेत हा भरवसा. साहेबाचं काम ओढ लावायचं नाही, या तीन गोष्टींना जागा करून द्यायचं. ऐकायला सोपं वाटलं. शॉपमध्ये उतरवायला मला वर्ष गेलं.

तक्ता मी दुसऱ्याच दिवशी काढला. "माझं चुकलं, हे बक्षीस न्याय्य नव्हतं," असं शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर सांगितलं. दोघा-तिघांना राग आला, ज्यांचे फोटो लागायचे त्यांना. तो राग रास्त होता.

मग मी एकेकाशी बोलायला बसले. रोज दोघं, वीस-वीस मिनिटं, ऑफिसात न बोलावता पॅटर्न स्टोअरच्या सावलीत. तुम्हाला काय हवंय असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर पगारवाढ असणार आणि ती माझ्या हातात नव्हती. मी विचारलं, "कामावर आल्यावर डोकं कशानं फिरतं?" पहिले चार-पाच जण म्हणाले, "काय न्हाई, सगळं बरं चाललंय." सहाव्यानं ओव्हरटाइमचं काढलं आणि मग बांधच फुटला. जादा कामाची अर्धा-पाऊण तासाची बेरीज पगारपत्रकात धरलीच जात नव्हती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, हिशेब पूर्ण तासात धरायची जुनी पद्धत होती. पण तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं जादा तासाला दुप्पट दर होता, आणि दोन वर्षांचा अर्धा-अर्धा तास म्हणजे एखाद्या पोराच्या शाळेची फी. मालकांना मी कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "मागची बाकी काढा, सगळ्यांची." दोन हप्त्यांत ती दिली गेली.

पंखे, थंड पाण्याची टाकी, हातमोज्यांचे माप हे सगळं त्याच ओघात झालं. यानं लोक एकदम उत्साही झाले असं मात्र नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं. पगार, सोयी, साहेबाची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट केल्यानं कामात आपोआप रंगत नाही. आमच्याकडे नाराजी ओसरली, लोक माझ्या डोळ्यांत बघून बोलायला लागले, एवढंच. पण तेवढं झाल्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं याबद्दल मला शंका नाही. ओव्हरटाइम बुडवून मोल्डरला "ओनरशिप" शिकवणाऱ्या साहेबाचा मला मनापासून राग येतो.

त्या बोलण्यांतून अजून एक गोष्ट वर आली होती. मोल्डरला आपण काय ओतलं हे कळतच नव्हतं. त्यानं आज बॉक्स मारला, संध्याकाळी त्यात लोखंड ओतलं गेलं, दुसऱ्या दिवशी पीस घासायला फेटलिंगला, मग साफ करायला शॉट ब्लास्टिंगला, मग तपासणीला. पंधरा दिवसांनी रिजेक्शनचा इंग्रजी कागद नोटीस बोर्डावर. त्यात टक्केवारी असायची, पीस नसायचा. मी स्वतः लॅबमध्ये अकरा वर्षं तो कागद तयार केला होता आणि तो कोण वाचतं हे कधी विचारलं नव्हतं.

जून २०१९ मध्ये आम्ही शॉपच्या दाराशी एक जाड लोखंडी टेबल ठेवलं. आदल्या दिवशीचे वाया गेलेले पीस रोज सकाळी सव्वाआठला त्यावर. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या खेपेचं लोखंड ते, आणि मशीन नंबर खडूनं. बाकी काही नाही. पहिल्या दिवशी टेबलाकडं कुणी फिरकलं नाही. मी एक पीस उचलून विचारलं, "हा कुणाचा?" आणि सगळे अजून चार पावलं मागं सरले. माझ्या तोंडून चौकशीचा सूर निघाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, टेबलाजवळ उभं राहायचं, चहा प्यायचा, तोंड उघडायचं नाही. हे मला फार जड गेलं. दोष बघितला की त्याचं कारण सांगायची लॅबमधली सवय होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी दोन नंबर मशीनवरचा पोरगा आला. आयटीआय करून लागलेला, बावीस वर्षांचा, अबोल. त्यानं पंपाच्या हाउसिंगचा पीस उचलला, खड्ड्यात करंगळी घातली, फिरवली. "वाळू सुटलीया," तो स्वतःशीच म्हणाला. मामा मागं उभे होते. "पुन्ना बोट घाल. खरखरीत लागतंय काय?" पोरानं पुन्हा घातलं. "न्हाई. गुळगुळीत हाय." "मग वाळू कशी सुटली? वाळू सुटली आस्ती तर कण बसलं आस्तं आत. ह्यो गॅस हाय. बाहेर पडायला वाट गावली न्हाई त्याला." पोरगा पीस हातात धरून गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "मी काल घाईत वेंट कमी मारलं."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो पीस त्यानं दिवसभर आपल्या मशीनच्या कट्ट्यावर ठेवला.

महिन्याभरात टेबलाभोवती सकाळी दहा-बाराजण जमायला लागले. कोअर शॉपमधल्या मावशीही यायला लागल्या. तोवर त्यांच्या कोअरचं पुढं काय होतं हे त्यांनी बघितलंच नव्हतं. एका मावशींनी फुटक्या कोअरमुळं वाया गेलेला पीस बघून विचारलं, "ह्यो केवढ्याला पडला ओ?" मी किंमत सांगितली. त्या दिवसापासून कोअर ट्रॉलीत आडवे रचायचं त्यांनीच बंद केलं आणि स्टोअरकडून लाकडी खाचांची फळी मागून घेतली.

पुढची पायरी मालकांसाठी अवघड होती. मी मागितलं की वाळू खराब वाटली तर मोल्डरनं कुणालाही न विचारता मशीन थांबवावं. "आणि कुणी आळसानं थांबवलं तर?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, एक महिना बघू. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा मशीन थांबायचं, त्यातलं निम्मं नाहक. माझ्या पोटात गोळा यायचा. पण लॅबमधून ओल तपासून आकडा त्याच माणसाला दाखवायचा, एवढंच करायचं असं आम्ही ठरवलं होतं. "तू चुकलास" म्हणायचं नाही. लोकांचा हात आकड्याशी जुळायला लागला. महिनाअखेरीस थांबणं दिवसाला एकावर आलं, आणि तो एक बहुतेक वेळा खरा असायचा.

ज्यांच्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं ते आमचे सुपरवायझर. मोल्डर स्वतःच मशीन थांबवायला लागल्यावर ते एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाले, "मग मी काय कराय हितं? हजेरी मांडू फक्त?" त्यांचं दुखणं खरं होतं. खालच्या माणसाला मोकळीक देताना मधल्या माणसाच्या पायाखालची जागा निघून जाते, आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही. ते तरुणपणी कुस्ती करायचे, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लढलेले. मी विचारलं, तुमचे वस्ताद कसं शिकवायचे? ते खुलले. "वस्ताद लई बोलायचंच न्हाईत. मी पडलो की येऊन इचारायचं, पाय कुठं हुता तुझा? मी सांगूस्तवर हालायचं न्हाईत." बोलता बोलता ते थांबले. पुढच्या आठवड्यात मी त्यांना दोन नंबरच्या पोराशेजारी बसलेलं बघितलं. "बॉक्स मिटताना गॅस कुठनं जाणार हुता?" असं विचारून ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

सगळंच काही लोकांवर सोडलं नाही. वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. गॉगल, चामडी एप्रन, कोरडं लॅडल (लोखंड ओतायचं भांडं) यात निवड नाही. फक्त आता आम्ही कारण सांगायला लागलो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते, म्हणून लॅडलमधल्या चमचाभर ओलीनं लोखंड उसळतं, हे मी कागदावर काढून दाखवलं. त्याआधी दहा वर्षं भिंतीवर "लॅडल कोरडे ठेवा" लिहिलेलं होतं.

मालकांना मी एकच विनंती केली होती, की आठवड्यातून एकदा टेबलाजवळ या, पण प्रश्न विचारू नका. मला वाटलं त्यांना ते कमीपणाचं वाटेल. ते म्हणाले, "शाहू महाराज भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे. मला माझ्याच शॉपात यायला काय होतंय?" अस्पृश्य मानल्या गेलेल्या कांबळ्यांना हॉटेल काढायला मदत करून महाराज थांबले नाहीत, स्वतः तिथं बसून चहा प्याले, ही गोष्ट कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असते. मालक गुरुवारी येतात. काचेच्या ग्लासातला चहा, तोच सगळ्यांना.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी चढलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, काही दिवस कोल्हापूरला यायला-जायला वाट नव्हती. मी कसबा बावड्यात घरात अडकलेले. पाणी ओसरल्यावर शॉप उघडलं तेव्हा प्रयाग चिखलीतला एक मोल्डर तिसऱ्या दिवशी हजर झाला. त्याच्या घरात माळ्यापर्यंत पाणी गेलेलं. मी त्याला पगारी रजा देऊन परत पाठवलं. रविवारी शॉपमधली चौदाजणं फावडी घेऊन त्याच्याकडे गेली. मला कुणी कळवलं नव्हतं, शनिवारी संध्याकाळी कानावर आलं म्हणून मीही गेले. भिंतीवरचा गाळ खरवडताना एक नंबर आणि चार नंबर मशीनवाले शेजारी शेजारी होते. सहा महिन्यांपूर्वी तक्त्यामुळं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

सगळे बदलले असं मी सांगणार नाही. एकजण शेवटपर्यंत टेबलाजवळ आला नाही. त्याला पोरीच्या शिक्षणासाठी जास्त पगार हवा होता, तो कागलकडच्या कारखान्यात मिळाला, गेला. त्याला थांबवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि त्यानं केलं ते बरोबर केलं. पैशाचं महत्त्वही कमी झालेलं नाही. आमच्याकडे आता चांगल्या पिसांवर सगळ्या शॉपला मिळून इन्सेंटिव्ह आहे, सारखा वाटलेला. काहींना तो अजून पटत नाही. दर दिवाळीला त्यावर वाद होतो, आणि मी तो होऊ देते.

मामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. दोन नंबरचा पोरगा. आता त्याला पोरगा म्हणायचं वय राहिलेलं नाही. "म्याडम, मिक्सर थांबवलाय. उघड्यावरची वाळू आत आली वाटतं, हाताला चिकटालीय." मी विचारलं, लॅब उघडली का? "न्हाई अजून. आल्यावर बघतील की. तवर पाणी बंद करून कोरडी वाळू घालालोय." किती वेळ लागेल म्हणून विचारणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "ठेवतो म्याडम, हात भरलाय," आणि फोन बंद झाला.